आकड्यांचे चित्र आणि कामकऱ्याचा डोळा

पूर्वी गावोगावी कुळकर्ण्याचे दप्तर असे. दप्तरात काय लिहिले आहे ते कुळकर्ण्यास ठाऊक, आणि त्याखाली अंगठा का उमटवून घेतला ते सावकारास ठाऊक. ज्याचा अंगठा, त्या बिचाऱ्यास मात्र यातले काहीच ठाऊक नसे. १९१८ साली शाहू महाराजांनी करवीर राज्यात कुळकर्णी वतने काढून तलाठी नेमले. पुढे गावोगाव शाळा निघाल्या, रयतेची पोरे अक्षर ओळखू लागली, आणि अंगठ्याचे ते राज्य बऱ्याच अंशी बुडाले. पण वाचकहो, आता एक नवे दप्तर निघाले आहे. ते अक्षरांचे नाही, चित्रांचे आहे. वर्तमानपत्र उघडा, टीव्ही लावा की मोबाईलवर बोट फिरवा. रंगीत खांब, भाकरीसारखी वर्तुळे, पाण्याने भरलेले हंडे आणि रंगवलेले नकाशे यांची जत्राच भरलेली दिसते. लिहिलेल्या शब्दावर शंका घेणारा शहाणा माणूसदेखील चित्रावर शंका घेत नाही. चित्र म्हणजे जणू डोळ्यांनी पाहिलेला पुरावा! आमचे म्हणणे असे की, या पुराव्याची उलटतपासणी करावयास आपला बहुजनसमाज जोवर शिकत नाही, तोवर अंगठ्याचे राज्य संपले असे मानणे भोळेपणाचे आहे.

ही गोष्ट आम्हांस सुचली ती कोणत्याही ग्रंथावरून नव्हे, तर चाकणजवळ म्हाळुंग्यास एका खोलीत बसून. गेल्या पावसाळ्यात आमच्या भाच्याकडे गेलो होतो. पोरगा बीडकडचा, आयटीआय झालेला, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेला. दहा बाय दहाच्या खोलीत चौघेजण, दोघे दिवसपाळीचे आणि दोघे रातपाळीचे. सहज विचारले, 'कामावर काय करतोस रे?' तर म्हणाला, 'मामा, मशीन चालवतो आणि चार्ट भरतो.' हा चार्ट कसला, हे त्याने एका बिलाच्या पाठीवर काढून दाखविले. दर तासाला मशीनवरचे पाच नग घ्यावयाचे, मायक्रोमीटरने मोजावयाचे, सरासरी काढून कागदावर ठिपका द्यावयाचा. मध्ये एक रेघ, वर एक मर्यादा, खाली एक मर्यादा. ठिपका मर्यादेबाहेर गेला की मशीन बंद करून सुपरवायझरला हाक मारावयाची. आणि लागोपाठ सात ठिपके मधल्या रेघेच्या एकाच अंगाला पडले, तरीही हाक मारावयाची.

आम्ही म्हणालो, 'अरे, पण ते सात ठिपके मर्यादेच्या आतच आहेत ना?'

'आत असले म्हणून काय झालं मामा? एकाच अंगाला पडायला लागले म्हणजे आत कायतरी सरकलंय.'

हे उत्तर ऐकून आम्ही गार झालो. संख्याशास्त्राच्या पदवीधरास जे समजावून सांगण्यात महिना जातो, ते हा पोरगा रोज आठ तास हाताने करीत आहे. हा तक्ता अमेरिकेत वॉल्टर श्यूहार्ट नावाच्या गृहस्थाने १९२४ साली काढला. तो आज पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण येथील कारखान्यांत मराठवाड्याचे, खानदेशाचे, विदर्भाचे आणि बिहारचे पोरगे रोज भरतात. या पट्ट्यात जितके हात रोज आलेख काढतात, तितके महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठातही काढीत नसतील.

पण खरी मौज पुढेच आहे. त्याच खोलीत त्या दिवसाचे वर्तमानपत्र पडले होते. त्यात पावसाळ्याचे नेहमीचे चित्र होते: सारख्याच आकाराचे चार हंडे, त्यांत निळे पाणी, आणि खाली धरणांची नावे. खडकवासल्याचा हंडा काठोकाठ, पानशेतचा निम्मा. आमचा भाचा चित्राकडे पाहून म्हणाला, 'खडकवासला फुल्ल झालं मामा, पानशेतच मागं राहिलं. म्हणजे पाणी खडकवासल्यातच जास्त.'

वाचकहो, खडकवासल्याचा उपयुक्त साठा आहे १.९७ टीएमसी. पानशेतचा आहे १०.६५ टीएमसी. म्हणजे पानशेत निम्मेच भरले तरी त्यात सव्वापाच टीएमसीच्या वर पाणी असते, काठोकाठ भरलेल्या खडकवासल्याच्या अडीच पटींहून जास्त. तीच गत टेमघर आणि वरसगावची. टेमघर ३.७१ टीएमसीचे, वरसगाव १२.८२ टीएमसीचे. टेमघर शंभर टक्के आणि वरसगाव अवघे तीस टक्के भरले असले, तरी वरसगावात टेमघरपेक्षा पाणी अधिकच. एक लोटा आणि एक रांजण सारख्याच आकाराचे काढावयाचे, आणि लोटा भरला म्हणून पेढे वाटावयाचे, यास काय म्हणावे? आकडा खोटा नाही. टक्केवारी सरकारी कागदावरूनच उतरविलेली आहे. खोटे आहे ते चित्र.

भाच्यास आम्ही हे हिशेबाने दाखविले, तेव्हा तो ओशाळून हसला. आम्ही विचारले, 'असा तक्ता तुझ्या मशीनवर लावला असता तर?' तो म्हणाला, 'सुपरवायझरनं टराटरा फाडला असता. माप कुठाय म्हणून विचारलं असतं.'

बस्स. आम्हांस जे सांगावयाचे आहे ते या एका वाक्यात आले. जो कामकरी मशीनपाशी माप विचारतो, तो वर्तमानपत्रापाशी माप का विचारीत नाही?

कोणी म्हणेल, हंडा लहान काढला काय आणि मोठा काढला काय, त्याने एवढे काय बिघडते? बिघडते ते असे. पिंपरी-चिंचवड शहराची मुख्य भिस्त पवना धरणावर. त्याचा उपयुक्त साठा साडेआठ टीएमसी. धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्याजवळ महापालिका उचलते आणि एमआयडीसीही उचलते. पावसाळ्यात 'पवना शंभर टक्के' असे चित्र छापून येते, लोक हुश्श करतात, आणि नळ मात्र दिवसाआड येतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये या शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले, ते काही धरण कोरडे पडले म्हणून नव्हे. एक टीएमसी म्हणजे सुमारे दोन हजार आठशे कोटी लिटर. शहर रोज पन्नास कोटी लिटर उचलते असे धरले, तर एक टीएमसी छप्पन्न दिवस पुरते, आणि भरलेली पवना एकट्या शहरास सव्वा वर्षाहून अधिक पुरावी. तशी ती पुरत नाही. कारण त्याच पाण्यावर मावळचा शेतकरी आहे, कारखाने आहेत, वाटेतली गावे आहेत आणि ऊनही आहे. शिवाय मंजूर कोटा किती, उपसा किती, शुद्ध किती होते, गळते किती, आणि कोणत्या वस्तीच्या टाकीत किती चढते, हा सारा हिशेब हंड्याच्या बाहेरच राहतो. हंड्याचे चित्र लोकांचे लक्ष आकाशाकडे लावते. खरा प्रश्न जमिनीवरच्या वाटणीचा असतो. पाऊस पडला म्हणजे पाणी मिळाले, ही समजूत ज्या चित्राने होते, ते चित्र वाटणी करणारास फार सोयीचे असते.

या वाटणीपायी माणसे मेली आहेत, हे विसरू नका. पवनेचे पाणी बंद नळातून थेट शहरास नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती महामार्गावर उतरले, आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांनी प्राण गमावले. शहरातल्या नळाला पाणी हवे हे खरे, आणि ज्याची जमीन धरणात गेली त्याच्या शेतालाही पाणी हवे हेही तितकेच खरे. पण वर्षानुवर्षे जो हंडा छापला जातो, त्यात त्या शेतकऱ्याचा घोट कोठे दाखविलेला असतो? एकाच पाण्याचे तीन रंग करून, हे शहराचे, हे कारखान्याचे, हे शेताचे, असे चित्र कोणी रोज छापील, तर शहरवाला आणि गाववाला एकमेकांस शत्रू मानण्याऐवजी हिशेब तरी मागतील.

उजनीचे उदाहरण तर याहून विचित्र आहे. आपल्या पवना, इंद्रायणी, मुळा-मुठेचे पाणी शेवटी तिकडेच जाते. उन्हाळ्यात छापून येते, 'उजनी उणे पन्नास टक्के!' साधा माणूस विचारतो, उणे पाणी म्हणजे काय? उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृत साठा ६३.६६ टीएमसी. टक्के मोजतात ते फक्त उपयुक्त साठ्याचे. म्हणून 'उणे पन्नास' म्हटले तरी तळाशी सुमारे ३७ टीएमसी उरलेले असते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणे भरून २९.१५ टीएमसी होतात, त्याहून जास्त. त्यात गाळ आहे आणि ते पाणी कालव्यात चढत नाही, हे मान्य. पण शून्याची रेघ तळाशी नसून मध्येच मारलेली आहे, एवढे तरी चित्राने सांगावयास नको काय?

शून्याच्या रेघेची ही चोरी आणखी ठिकाणीही चालते. निवडणुकीच्या दिवसांत दोन पक्षांचे दोन खांब दाखवितात. समजा एकास ४१ टक्के आणि दुसऱ्यास ३९. खांब शून्यापासून उभे केले तर डोळ्यास फरक जेमतेम दिसतो. पण खांबांचे पाय कापून मोजणी ३८ पासून सुरू केली, की एक खांब तीन बोटांचा आणि दुसरा एका बोटाचा! पाहणारास वाटते, एकाने दुसऱ्यास लोळविले. गाड्यांचे उत्पादन दुप्पट झाले म्हणून मोटारीचे चित्र दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद काढतात. कागदावर ती मोटार चौपट होते. भाकरीचे वर्तुळ तिरके करून टीव्हीवर ठेवतात. पुढचा तुकडा मोठा दिसतो आणि मागचा लहान. 'आजपर्यंतची एकूण गुंतवणूक', 'आजपर्यंतचे एकूण रोजगार' अशा चढत्या रेघा दाखवितात. पण आजवरची बेरीज कधी खाली येते काय? पोराचे वय वाढले म्हणून बापाने नवस फेडावा, तशातलाच हा प्रकार.

आता नकाशांकडे वळू. निकालाच्या रात्री महाराष्ट्राचा नकाशा रंगविला जातो, आणि ज्याचा रंग मोठा त्याची लाट मोठी असे लोक समजतात. पिंपरी-चिंचवड शहराचे क्षेत्र १८१ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत लोकवस्ती सवासतरा लाख. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर, लोकवस्ती पावणेअकरा लाखांच्या आसपास. शहरात तीन आमदार: पिंपरी, चिंचवड, भोसरी. जिल्ह्यात तीन आमदार: आरमोरी, गडचिरोली, अहेरी. विधानसभेत तिघांचे वजन तिघांइतकेच. पण नकाशावर एकीकडची तीन माणसे पुरा पूर्वेचा कोपरा व्यापतात आणि दुसरीकडची तीन माणसे टाचणीच्या डोक्याखाली झाकतात. एकट्या चिंचवड मतदारसंघात २०२४ साली साडेसहा लाखांहून अधिक मतदार होते. नकाशावर त्यांस ठिपक्याएवढीही जागा नाही. गडचिरोलीच्या आदिवासी बांधवास कमी लेखण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्याच्या जंगलाचा रंग मोठा दिसतो म्हणून त्याच्या पदरात जास्त काही पडते असेही नाही. आमचे म्हणणे एवढेच की, मत माणूस देतो, माळरान देत नाही. प्रत्येक मतदारसंघास सारख्या आकाराची एकेक चौकट द्या, आणि मग रंगवा.

नकाशाचा रंग पोटावरही येतो, हे करोनाच्या वर्षी सर्वांनी अनुभविले. मे २०२० च्या आरंभी केंद्राने देशातले १३० जिल्हे लाल, २८४ नारिंगी आणि ३१९ हिरवे ठरविले. पुणे जिल्हा लाल. हा जिल्हा जुन्नरपासून इंदापूरपर्यंत पसरलेला, साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरांचा. रोग होता मुख्यतः शहरांच्या दाट वस्त्यांत; पण वर्तमानपत्रांतल्या त्या नकाशात भोरच्या डोंगरातली वाडी आणि पुण्यातली पेठ यांस एकाच लाल रंगात बुडविलेले. खाली तालुके आणि वस्त्या यांचे वेगळे हिशेब होते. पण डोळ्यास पटला तो जिल्ह्याचा रंग. चाकणहून गावी पायी निघालेल्या पोरांस कित्येक ठिकाणी वेशीवर अडविले, ते ताप मोजून नव्हे, 'पुण्याकडून आलास' म्हणून. एक रंग चुकीच्या मापाने फासला, की त्याची शिक्षा अशी भलत्याच्या पाठीवर पडते.

आणि ज्या रेघेने घर पडते ती रेघ तर सर्वांनीच नीट पाहावयास हवी. नदीकाठी दोन पूररेषा आखलेल्या असतात, निळी आणि लाल. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई. चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले हरित न्यायाधिकरणाच्या आदेशावरून महापालिकेने १७ मे २०२५ रोजी जमीनदोस्त केले. जन्माची कमाई घातलेली कुटुंबे ढिगाऱ्यापाशी उभी राहिली. नदीच्या पात्रात बांधकाम नसावे, हे आम्हांस मान्य आहे. पण प्लॉट विकताना जे गुळगुळीत रंगीत पत्रक हाती देतात, त्यातल्या नकाशावर बाग असते, रस्ता असतो, 'विमानतळ इतक्या मिनिटांवर' असते. मात्र निळी रेषा सहसा नसते. जी रेषा घर पाडू शकते तीच घर विकताना गुप्त! यास आम्ही वाईट चित्र म्हणत नाही. यास आम्ही मुकी लबाडी म्हणतो.

शिवाय 'पंचवीस वर्षांतून एकदा' हे शब्दही फसवे आहेत. लोक समजतात, नुकताच पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निर्धास्त. तसे नव्हे. एका मडक्यात पंचवीस चिठ्ठ्या घाला, त्यांत एक लाल. दरवर्षी एक चिठ्ठी काढा आणि परत टाका. लाल निघाली की घरात पाणी. घराचे कर्ज वीस वर्षांचे असते. त्या वीस वर्षांत एकदा तरी लाल चिठ्ठी निघण्याचा संभव शंभरात छप्पन्न आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त. हे मडके आणि या पंचवीस चिठ्ठ्या काढून दाखवावयास कितीसा कागद लागतो? ज्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानभर घरांची जाहिरात असते, त्याच्या आतल्या पानावर बोटभर जागाही हे चित्र अडवणार नाही.

आता कोणी म्हणेल, तुम्हांस चित्रांचे वावडेच दिसते. मुळीच नाही. चांगले चित्र गरिबाचा कैवारी असते. तसे चित्र पाहावयाचे असेल तर अंगणवाडीत जा. मुलांचा निळा आणि मुलींचा गुलाबी वाढीचा तक्ता असतो. त्यात हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे पट्टे असतात. सेविका मुलाचे वजन करून ठिपका देते. ज्या आईने शाळेचे तोंड पाहिले नाही तीदेखील सांगते, 'गेल्या खेपेला हिरव्यात होता, आता पिवळ्याकडं उतरलाय.' त्या तक्त्यात वयाचे माप आहे, वजनाचे माप आहे, चांगले काय आणि धोक्याचे काय याची खूण आहे, आणि रेघ खाली वळली की काय करावयाचे तेही ठरलेले आहे. नटवेपणा काही नाही. तो वाचला म्हणजे मूल वाचते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईने १८५८ साली रंगीत पाकळ्यांचे चित्र काढून सरकारास दाखवून दिले की, क्रिमियाच्या युद्धात गोरे शिपाई शत्रूच्या गोळीपेक्षा घाणीच्या रोगांनी जास्त मेले. आणि आपल्या वाचकांस विशेष वाटावे असे उदाहरण अमेरिकेतील ड्यू बॉइस यांचे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांस दास्यमुक्त केले त्यांस अर्पण केले होते, हे सर्वांस माहीतच आहे. त्या मुक्त झालेल्या समाजात जन्मलेल्या ड्यू बॉइस यांनी अटलांटा येथील आपल्या काळ्या विद्यार्थ्यांस हाताशी धरून, १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात हाताने रंगविलेले सुमारे साठ तक्ते मांडले. गुलामांच्या लेकरांनी किती जमीन घेतली, किती शिकली, काय धंदे करतात, आणि काय काय अडवून धरलेले आहे, हे सारे त्यांत होते. ज्यांस जग मुके समजत होते त्यांनी आपला हिशेब आपण काढून जगापुढे ठेवला. आलेख असा वापरावयाचा असतो.

वर्तमानपत्रवाल्यांची बाजूही आम्ही जाणतो. सारेच लबाड नसतात. रात्री नऊ वाजता आकडे हाती येतात, चित्रकार पोराला तासाभरात पान द्यावयाचे असते, आणि वरून हुकूम असतो की, काहीतरी आकर्षक करा. घाईने झालेली चूक आणि ठरवून केलेली फसवणूक यांत फरक आहेच. पण वाचणाराचे नुकसान दोन्हींत सारखेच. आणि 'सामान्य वाचकास मापे, शून्ये, टीएमसी समजत नाहीत, म्हणून सोपे हंडे काढतो' हा जो बचाव केला जातो, तो मात्र आम्ही साफ धुडकावतो. कोण हा सामान्य वाचक? जो दर तासाला पाच नग मोजून ठिपका देतो तो? सातवा ठिपका एकाच अंगाला पडला म्हणून लाखो रुपयांचे मशीन थांबविण्याची ज्याची जबाबदारी आहे तो? कारखान्यात ज्याच्या अकलेवर मोटारीचा ब्रेक अवलंबून आहे, त्यास घरी येताच अडाणी ठरवावयाचे, हा कोठला न्याय?

तेव्हा कामकरी बंधूंनो, तुमच्याच कामाच्या शिस्तीतले तीन प्रश्न येथेही विचारीत जा. पहिला प्रश्न: शून्य कोठे आहे? खांबाचे पाय कापलेले नाहीत ना, रेघ तळापासून मोजली आहे ना? दुसरा: पूर्ण किती? शंभर टक्के म्हणजे कशाचे शंभर टक्के, लोट्याचे की रांजणाचे? आणि माणशी हिशेब असेल तर माणसे कोणत्या सालची धरली? २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. तुमच्यातले जे त्यानंतर या पट्ट्यात आले त्यांस २०११ च्या आकड्यांत जागाच नाही. तिसरा, आणि सर्वांत मोठा: मोजले कोणास, आणि सोडले कोणास? कारखान्याच्या दारावर 'अपघाताविना इतके दिवस' असा फळा असतो. फळा चांगला आहे. पण ठेकेदाराच्या पोराचे बोट प्रेसखाली गेले, तर तो दिवस त्या फळ्यावरून पुसला जातो की नाही, हे विचारा. सरासरी पगार छापला तर विचारा, त्यात कायम किती आणि ठेक्याचे किती? दहांपैकी एकास लाख आणि नवांस पंधरा-पंधरा हजार मिळाले तरी सरासरी साडेतेवीस हजार निघते. आणि तेवढा पगार त्या दहांतल्या एकाच्याही हाती पडत नाही.

संपादक मंडळींसही आमची विनंती आहे. धरणांचे हंडे त्यांच्या मापाप्रमाणे लहानमोठे काढा, आणि टक्क्यांशेजारी टीएमसी व किती दिवसांचे पाणी ते लिहा. खांब शून्यावर उभे करा. नकाशा माणसांच्या मापाने रंगवा. घरांची जाहिरात घेताना पूररेषेचा नकाशा मागा. यास पैसा लागत नाही, दानत लागते.

म्हाळुंग्याच्या त्या खोलीत पुढच्या खेपेस गेलो तेव्हा भिंतीवर एक कागद चिकटविलेला पाहिला. पोरांनी पट्टीने चार खांब काढले होते, प्रत्येक धरणाचा त्याच्या मापाएवढा, आणि शेजारी पेनने आजचे टीएमसी मांडले होते. खाली नळास पाणी आलेल्या तारखांवर फुल्या. रातपाळीवरून आलेला एकजण म्हणाला, 'आता नगरसेवक मत मागायला आला की हा कागद पुढं करणार.' त्या कागदावर अंगठा कोणाचाच नव्हता. चौघांच्या सह्या होत्या.